माझ्या घमेल्यात आलेला घास

मित्रांनो, कड्याजवळच्या एका वस्तीवर छबुबाईंच्या गोठ्यात जी म्हातारी म्हैस उभी दिसते, ती मी. दात झिजले, एक शिंग मोडलं, पण बोलायला मी अजून फटकळ आहे. माझं कौतुक ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, ही गोष्ट कौतुकाची नाही.

मी लहान वगार असताना छबुबाईंनी मला बाजारातून आणलं. त्यांचा माझ्यावर लई जीव. मी गाभण राहिले की त्यांची धांदल बघावी. सरकी भिजवायची, कॅल्शियमची बाटली पाजायची. शेजारणीला ऐकवायच्या, "शेवटच्या म्हयन्यांत म्हशीला खाऊ घातलं न्हाई, तर रेडकू अंग कसं धरंल?" वस्तीवरच्या बायका त्यांनाच विचारायला यायच्या.

दोन वर्षांपूर्वी मी गाभण होते, आणि त्याच सुमाराला त्यांची सून बबिताही पोटुशी होती. माझं शेण काढायला तीच यायची. वाकली की तिला अंधारी यायची, मग माझ्या पाठीवर हात टेकून थोडा वेळ उभी राहायची. पोरगी पार पांढरीफटक पडली होती.

अंगणवाडीच्या ताई घरी येऊन तिला लाल गोळ्या आणि आहाराची पाकिटं देऊन जायच्या. "बबिता, रक्त लई कमी हाय तुझं. गोळी चुकवू नको," असं बजावायच्या. त्यांची पाठ वळली की छबुबाई गोळ्या फळीवर सारायच्या. "गरम पडत्यात त्या. आन पोटातलं लई वाढलं तर सुटका व्हायची न्हाई. आमी काय गोळ्या खाऊन पोरं काढली का?" सुनेचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांची थोरली बहीण बाळंतपणात अडून गेली होती, ती धास्ती त्यांना होती.

पाकीट फेकून देणाऱ्यातल्या मात्र त्या नव्हेत. ते माझ्या घमेल्यात यायचं. बबिताच मुकाट्यानं ओतायची. गोडसर लागायचं, मी चाटूनपुसून खायची.

मी व्याले. रेडकू तासाभरात उभं राहून लुचायला लागलं. छबुबाईंनी शेजारीपाजारी खरवस वाटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बबिताला वेळेआधीच कळा आल्या. मुलगी झाली, इवलीशी. बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती म्हणे. तिच्यात चोखायचंही बळ नव्हतं. सगळे परत आले तेव्हा बबिताचे हात रिकामे होते.

तिला दूध येत होतं. पदर ओला व्हायचा आणि ती तशीच माझ्यापुढं वैरण टाकायची. मला ते बघवत नव्हतं.

एकदा छबुबाई धार काढायला बसल्या आणि बसूनच राहिल्या. माझ्या पोटाला डोकं टेकून म्हणाल्या, "तुझं सगळं कळत व्हतं गं मला. हिचं कावून न्हाई कळलं?" बबिता दारातच उभी होती. तिनं ऐकलं आणि आत निघून गेली. आजही त्या दोघी कामापुरतंच बोलतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिचं ताट आधी वाढा. तिच्या गोळ्या तिच्या हातात द्या, पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसा. आमची काळजी करू नका. भूक लागली की आम्ही रेकून सगळी वस्ती डोक्यावर घेतो. बबितानं एकदाही मागितलं नव्हतं.