चौथा खांदा

भागीरथाबाईंनी उजव्या हाताने ताट ढकललं. वरण ताटाच्या काठापर्यंत येऊन थांबलं, सांडलं नाही. म्हातारी रागातही अन्न सांडणाऱ्यातली नव्हती.

"जोपर्यंत माहे पाय पान्यात जात नाई, तोपर्यंत मी काई नाई खात," त्या म्हणाल्या.

नीलाबाईने ताट उचलून कठड्यावर ठेवलं. "बाई, गोया घ्याच्या हाये. उपाशी पोटी कशा देऊ?"

"नको देऊ. तूच खा."

कठड्यापलीकडे समुद्र होता. आठवडाभर तो तिथेच होता आणि म्हातारी आठवडाभर त्याच्याकडे बघत होती. घर उतारावर होतं. फाटकातून खाली दगडी पायऱ्या जात होत्या, लोकांच्या परसांमधून, अंजिरांच्या झाडांखालून, थेट वाळूपर्यंत. चाकांच्या खुर्चीला पायऱ्या उतरता येत नाहीत. एवढ्या एका कारणाने म्हातारी इथपर्यंत येऊन कोरडी होती.

गाव तुर्कस्तानातलं. इस्तंबूल या मोठ्या शहरापासून तासाभराच्या रस्त्यावर, काळ्या समुद्राच्या काठी. कोळ्यांची थोडी घरं, एक मशीद, एक चहाचं दुकान, आणि दिवसभर शांतता. भागीरथाबाईंची नात दिव्यानी इस्तंबूलच्या एका कंपनीत नोकरीला होती. आजीला शहरातल्या गर्दीचा त्रास नको, म्हणून तिने सुट्टीसाठी इथे घर घेतलं होतं. पोरीच्या मनात चांगलंच होतं. पण रोज सकाळी ती आई-वडिलांना घेऊन शहर दाखवायला जायची, आणि शांत गावात उरायच्या त्या दोघी. लकवा मारलेली म्हातारी आणि तिला सांभाळणारी बाई.

नीलाबाईला सोबत आणलं ते यासाठीच. व्हिसाच्या कागदावर ती घरची मावशी होती. विमानात ती मावशी होती. जेवायला बसताना मात्र ती कोण, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. घरची मंडळी टेबलावर जेवायची आणि ती नंतर स्वयंपाकघरात. माणूस देश बदलतो, ताटाची जागा बदलत नाही. तिचा पासपोर्ट प्रफुलभाऊंच्या बॅगेत. प्रफुलभाऊ म्हणजे म्हातारीचे चिरंजीव, घुग्घुसला कोळशाचे ट्रक चालवणारे मोठे ठेकेदार, राहायला चंद्रपूर. आल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, फाटकाबाहेर जायचं नाही, भाषा येत नाही, आईला काही झालं तर जबाबदार तुम्ही.

म्हातारीने पहिल्याच संध्याकाळी मागणी मांडली होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अस्थी वढ्याच्या संगमावर सोडल्या होत्या, वर्धा आणि पैनगंगा जिथे मिळतात तिथे. ते पाणी पुढे कुठे जातं, हे तिला नीलाबाईने सांगितलं होतं. नीलाबाई एटापल्लीकडच्या जंगलातली. अहेरीच्या बाजूला तिने ते पाणी प्राणहिता झालेलं बघितलं होतं. तिथून गोदावरी, आणि गोदावरीतून समुद्र. तेव्हापासून म्हातारीच्या डोक्यात बसलं होतं की तिचा माणूस समुद्रात आहे आणि एकदा त्याच्या पायाशी जाऊन यावं.

दिव्यानीने समजावलं की आजी, तो समुद्र वेगळा, हा वेगळा.

"पान्याले काय कंपाउंड घातला हाये?" म्हातारीने विचारलं होतं.

हा काळा समुद्र आहे, असं सुनेने, दीपिकाने सांगितलं. त्यावर म्हातारी बराच वेळ निळ्या पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "याच्याहून आपला घुग्घुसचा नाला काळा हाये." सगळे हसले. हसण्यात मागणी बुडाली. रविवारी बघू, असं प्रफुलभाऊ म्हणाले. रविवारी बाकी सगळे जहाजात बसून बेटं बघायला गेले. आता उद्या परतीचं विमान होतं, आणि आजही गाडी सकाळीच निघून गेली होती.

म्हणून ताट ढकललं होतं.

नीलाबाई फाटकाशी जाऊन उभी राहिली. खालच्या परसात शेजारीण सबिहा कपडे वाळत घालत होती. चांगली जाडजूड बाई, डोक्याला फडकं, हसली की सगळं अंग हलायचं. पहिल्या दिवसापासून ती कुंपणावरून काही ना काही द्यायची, अंजिरं, तळलेली मासोळी, काचेच्या पेल्यात चहा. म्हातारी तिच्याशी झाडीबोलीत बोलायची, ती तुर्कीत. दोघींचं छान जमायचं. एकमेकींचं कळत नव्हतं, त्यामुळे खोटं बोलायचं कारण नव्हतं.

नीलाबाईने आधी म्हातारीकडे बोट दाखवलं. मग समुद्राकडे. मग स्वतःच्या खांद्यावर हात मारला.

सबिहाला एका दमात कळलं. तिने ओला कपडा बादलीत टाकला आणि खाली वाळूकडे तोंड करून अशी हाक मारली की जाळी शिवत बसलेला तिचा नवरा तसाच उठून आला. त्याच्या मागून त्याचा भाऊ, आणि आणखी एक मिशीवाला म्हातारा. भावाने म्हातारीला बघितलं, बाह्या सरसावल्या आणि लहान लेकराला उचलतात तशी तिला उचलायला वाकला.

"ए," भागीरथाबाई कडाडल्या. "या वयात परक्या मानसाच्या कडेवर बसू का मी? हट तिकडं."

तो न समजताच मागे सरला.

अंगणात उन्हात पडायची लाकडी लांब खुर्ची होती. नीलाबाईने ती ओढून आणली. सबिहाच्या भिंतीला टेकवलेल्या होडीच्या दोन लांब वल्ह्यांकडे बोट दाखवलं, आणि दोर मागितला. मग ती खाली बसली आणि वल्ही खुर्चीखालून घालून बांधायला लागली.

ही गाठ तिला कुणी शिकवली नव्हती. तिच्या गावात ती सगळ्यांनाच येते, कारण तिच्या गावाला पूल नाही. दर निवडणुकीला पूल होतो आणि दर पावसाळ्यात नसतो. नाल्याला पूर आला आणि माणूस आजारी पडला, की खाट उलटी करायची, तिला लाकडी बल्ल्या बांधायच्या, माणूस निजवायचा आणि चार जणांनी खांद्यावर घेऊन निघायचं. नवरा झिंगू तापाने बरळायला लागला, त्या दिवशी गावातली माणसं एटापल्लीच्या बाजाराला जाऊन नाल्यापलीकडे अडकली होती. खाटेला तिघेच मिळाले. चौथा खांदा तिने दिला होता.

गावात एक रीत होती. जिवंत माणूस न्यायचा तर डोकं पुढे. मेलेला न्यायचा तर पाय पुढे. झिंगूला डोकं पुढे करून नेलं. नाल्याच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत खाट खाली ठेवली, आणि पाणी उतरायच्या आधी तो गेला. त्यांनी खाट फिरवली. तीच खाट, तीच चार माणसं, तेवढंच वजन. फक्त आता पाय पुढे. त्यानंतर ती चंद्रपूरला आली आणि लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळू लागली.

म्हातारीला खुर्चीवर निजवून, पाठीशी उशा लावून, लुगड्यावरून पट्टा बांधला. पुढे दोघे भाऊ, मागे मिशीवाला आणि त्याच्या जोडीला नीलाबाई. सबिहाचा नवरा तिला बाजूला हो म्हणत होता. ती झाली नाही. वल्हं उचललं, खांद्यावर घेतलं, चार पायऱ्या उतरल्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. म्हातारीचे पाय पुढे होते.

"थांबा," ती ओरडली. "ठेवा खाली."

शब्द कुणाला कळला नाही, आवाज कळला. खुर्ची पायऱ्यांच्या वळणावर टेकवली गेली. नीलाबाई हातांनी दाखवायला लागली की फिरवा, पुरी फिरवा, डोकं इकडे करा. माणसं गोंधळली. उतारावर डोकं पुढे केलं तर म्हातारी उताणी लोंबणार, हे त्यांना दिसत होतं. तिला दुसरंच दिसत होतं. 

"काय झाला वो?" भागीरथाबाईंनी वर न बघता विचारलं.

"बाई, पाय पुढं करून नाई नेत. पाय पुढं करून..."

"मालूम हाये मले कोनाले नेतात."

"मंग फिरवू द्या."

"नको फिरवू," म्हातारी म्हणाली. "डोकं पुढं केला तं मले मांगचं घर दिसन. घर मी जलमभर पाह्यलो. मेल्यावर पाय पुढं करतीन तवा डोये मिटले राह्यतीन. आज उघडे हायेत. चाल."

 नीलाबाईने वल्हं पुन्हा खांद्यावर घेतलं.

पायऱ्या उतरताना ती खाली बघत नव्हती. पाय आपोआप पडत होते, खाटेखाली पडायचे तसे. खांद्याचं हाड जुन्या जागी दुखत होतं. अंजिराची पानं डोक्याला लागत होती. मिशीवाला दमाने काहीतरी गुणगुणत होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती माणूस खांद्यावर घेऊन चालली होती आणि समोर दवाखाना नव्हता. मातीही नव्हती. समोर नुसतं पाणी होतं, आणि कुणालाही कसली घाई नव्हती.

माणसं गुडघाभर पाण्यात गेली आणि त्यांनी खुर्ची उथळ जागी टेकवली. लाट आली, म्हातारीच्या पायांवरून गेली. उजवा पाय थंडीने आखडला. डाव्या पायाला पत्ताच नव्हता.

"त्या पायाले सांग वो," भागीरथाबाई म्हणाल्या.

नीलाबाई लुगडं भिजू देत खाली बसली. तिने डावा पाय हातात घेतला, पाणी ओंजळीने त्याच्यावर घातलं, चोळलं, पुन्हा घातलं. लेकराला न्हाऊ घालतात तसं.

म्हातारीने पाण्यात हात बुडवला आणि समोर, क्षितिजाकडे बघत, रोजच्या आवाजात म्हणाली, "काहो, लयच दूर येऊन बसले." उत्तर येईल इतका वेळ थांबली. बोट चाटून बघितलं. "खारट हाये." मग नीलाबाईकडे वळून, "भूक लागली मले."

सबिहा कमरेवर हात ठेवून हसायला लागली, कुणास ठाऊक काय कळून.

तेवढ्यात पायऱ्यांवर प्रफुलभाऊ दिसले. शहरात गर्दी होती म्हणून मंडळी लवकर परतली होती, आणि घरात कुणी नव्हतं. बूट वाळूत रुतत असतानाच त्यांचा आवाज आला.

"मावशी, कुणाला विचारून आणलं आईला इथे?"

नीलाबाई उठून उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होतं. 

"मले विचारून," भागीरथाबाई म्हणाल्या.

 आईच्या तोंडावर प्रफुलभाऊ काय बोलणार? मागून आलेल्या दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन काढला, आजी इकडे बघ म्हणाली, आणि सगळ्यांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं. कोळी बाजूला झाले. नीलाबाईही झाली, पण एक हात तिने खुर्चीवर ठेवला, कारण लाटेने खुर्ची हलत होती आणि म्हातारीचा डावीकडचा तोल तिच्याच भरवशावर होता.

वर नेताना डोकं पुढे होतं. त्यामुळे घर येईपर्यंत भागीरथाबाईंना समुद्र दिसत राहिला.

चंद्रपूरला आल्यावर कुणी नीलाबाईला काढून टाकलं नाही. मोठ्या घरात काढून टाकत नाहीत. काही दिवस आराम करा मावशी, असं दीपिका म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीपासून एजन्सीची युनिफॉर्म घातलेली बाई येऊ लागली. नीलाबाईने शहरातच, बाबूपेठला, दुसरी म्हातारी धरली. भागीरथाबाईंना भेटावं असं रोज वाटायचं. एकदा फाटकापर्यंत गेलीही होती. बाई झोपल्या आहेत, असं आतून सांगण्यात आलं. त्या कधी दिवसा झोपत नसत.

थंडीत, सणाला गावी जायला म्हणून ती बस स्टँडवर उभी होती, तेव्हा समोरच्या चौकातला फ्लेक्स तिला दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली प्रफुलभाऊंचं नाव, त्याच्या खाली नेत्यांची आणि मित्रमंडळींची रांग, आणि मधे भागीरथाबाई. निळ्या पाण्यात पाय सोडून, दात नसलेलं तोंड उघडून हसत होत्या.

ती बॅग खाली न ठेवता बघत राहिली.

शेजारी घुग्घुसच्या गाडीची वाट बघणारी एक बाई होती. तिनेही फ्लेक्सकडे बघितलं. "नसीबवान बुढी," ती म्हणाली. "पोरानं समुद्र दाखवला. आपले पोट्टे बाजारात नेत नाई."

"हव," नीलाबाई म्हणाली.

"ओयखीची होती का?"

"हव. पाह्यत पाह्यत गेली."

बाईला काही कळलं नाही. तिची गाडी लागली, ती धावली.

फोटो दोन्ही बाजूंनी कापला होता. कोळी नव्हते, सबिहा नव्हती, होडी नव्हती. फक्त खालच्या कोपऱ्यात, खुर्चीच्या लाकडावर, एक काळा हात राहून गेला होता. मनगटापर्यंत. कापणाऱ्याच्या नजरेतून तो निसटला असणार, किंवा त्याला वाटलं असेल, खुर्चीचाच भाग आहे.

एटापल्लीची गाडी आली. नीलाबाईने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चढली. खिडकीतून चौक मागे जाईपर्यंत तो हात दिसत होता. अजून धरून होता.