बादलीनं विझवलेला सांधा

मी सांधा बोलतोय. ट्रॉलीची लांब दांडी आणि ट्रॅक्टरच्या हुकात अडकणारी कडी, या दोघांना धरून ठेवणारा. मला नाक नाही, हे बरंच आहे. असतं तर ते जन्मापासून मुरडलेलंच राहिलं असतं.

माझा जन्म शेतावरच्या पत्र्याच्या शेडमधला. त्याला घरचे लोक वर्कशॉप म्हणतात. एका कोपऱ्यात वेल्डिंगचं मशीन, त्यावर एक कोंबडी कायमची मुक्कामाला. जमीन सांडलेल्या डिझेलनं चिकट. मध्ये भंगाराचा ढीग, आणि हा ढीग म्हणजे मालकाचा जीव की प्राण. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. सुरुवातीला थट्टेनं म्हणायचे, पण त्यानं ते मनावर घेतलं.

उस्तादाला जोडायचा भारी सोस. त्यानं जस्त चढवलेला पाइप गंजक्या पिंपाला जोडला. जस्ताचा पांढरा धूर नाकातोंडात गेला, संध्याकाळी हुडहुडी भरली, ओकाऱ्या झाल्या, आणि खापर फुटलं ते बायकोच्या स्वयंपाकावर. दुधाच्या स्टेनलेस किटलीला त्यानं साध्या लोखंडाचा कान लावला. तो कान गंजून गळून पडला, तर म्हणे किटलीच खोटी निघाली. लोखंड ते लोखंड, त्यात काय बघायचं, असा त्याचा खाक्या. सोयरीक जुळवताना माणसं चार ठिकाणी चौकशी करतात. माझ्या आईबापांची कुणी केली नाही.

आई म्हणजे ही दांडी. साधं, मऊ लोखंड. वाकेल, पण पटकन तुटायची नाही. बाप म्हणजे मोडीत निघालेल्या ट्रकच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा, ज्याची नवी कडी केली. कडक पोलाद. धक्का बसला की लवायचं आणि पुन्हा ताठ व्हायचं, हा त्याचा जन्माचा धर्म. पण लालबुंद तापवून एकदम गार केलं, तर तो काचेसारखा तडकतो. अशा दोघांना जोडता येत नाही असं नाही. दोघांची अंगं घासून लख्ख करावीत, पाट्याला आधी सावकाश ऊब द्यावी, कडक पोलादाला चालणाऱ्या वेल्डिंगच्या कोरड्या कांड्या घ्याव्यात, आणि जोडून झालं की गरम राखेत झाकून आपलं आपण निवू द्यावं. कांड्यांच्या खोक्यावर यातलं बरंचसं छापलेलंही होतं. उस्तादानं त्या खोक्यानं वारा घेतला.

त्या दिवशी जुनी कडी झिजून तुटली होती आणि टोमॅटोचे क्रेट उन्हात पडले होते. घाई होती, मान्य. पण घाईला काही लाज? पाट्यावर ट्रकच्या जमान्यापासूनचं ग्रीस, त्यावर माती, त्यावर कुठलासा हिरवा रंग. उस्तादानं तो फडक्यानं पुसला. त्याच फडक्यानं नुकतंच नाक पुसलं होतं. कांड्या खिडकीखाली ठेवून ठेवून दमट झालेल्या. ठिणगी पडली, ग्रीस जळलं, आणि त्या घाणेरड्या धुरात, पोटात बुडबुडे घेऊन मी जन्मलो.

मग तो खाली वाकला आणि माझ्यावर थुंकला.

खोटं नाही सांगत. किती तापलंय ते बघायची त्याची हीच रीत. तान्ह्या मुलाला लोक हात धुऊन उचलतात, आणि माझ्या अंगावर पडलेला पहिला थेंब थुंकीचा!

"अरे, झालं का?" त्याची आई दारातून ओरडली. "टोमॅटो उकडले तिकडे."

"झालंच, आई. गार केलं की निघालो."

त्यानं बादली उचलली. तिच्यात सगळ्यांनी ग्रीसचे हात धुतलेले, वर काळा तवंग. ती त्यानं माझ्यावर उपडी केली. चर्रर्र! हा आवाज त्याला फार आवडतो. तो ऐकला की त्याच्या लेखी काम फत्ते. पण त्या आवाजातच आणखी एक बारीक आवाज झाला. टिक्. पाट्याच्या बाजूला, माझ्या कडेनं, केसाएवढी भेग गेली.

उस्तादाच्या बायकोला तो ऐकू आला. तिला सगळे वहिनी म्हणतात. क्रेट कमरेवर घेऊन ती तिथंच उभी होती.

"अहो, काहीतरी टिचलं."

"अगं, लोखंड निवताना बोलतंच. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी बोललो होतो खरा. पण ऐकणारी होती तिला कळत नव्हतं म्हणे, आणि ज्याला कळत होतं तो शिट्टी वाजवत होता.

पुढची कथा आणखी ओंगळ. माझ्या गाठी ओबडधोबड दिसतात म्हणून त्यानं ग्राइंडर फिरवून मला सपाट केलं. अंगात होती नव्हती ती ताकद ठिणग्या होऊन उडाली. भेगेवर पुट्टी थापली आणि वर लाल रंग मारला. शेजारी आले, हात फिरवून म्हणाले, "वा उस्ताद, अगदी कंपनीचं वाटतंय." माणसांना रंग दिसला की पुरतं. वरून कीर्तन, आतून तमाशा, ही म्हण त्यांचीच ना?

शेत खाली, तळ्याच्या काठाला. घर वर. मधला चढ छातीवर येणारा. रोज भरलेली ट्रॉली त्या चढावरून जायची. क्रेटवर वहिनी बसायची आणि तिच्या शेजारी तिची सासू, गुडघे धरून. म्हातारीला चढ चढवत नाही. उस्ताद ट्रॅक्टरवर, त्यांच्याकडे पाठ करून. निम्म्या चढावर सगळा भार माझ्या अंगावर यायचा आणि भेग थोडी आत सरकायची. मी सुटलो असतो तर त्या दोघी क्रेटांसकट मागच्या मागे तळ्यात. हे मला रोज कळत होतं, आणि पुट्टीनं माझं तोंड बुजवलेलं होतं.

कडीत पिन घालायचं काम वहिनीचं. एके दिवशी तिला लाल रंगातून आलेला तपकिरी ओघळ दिसला. तिनं पदरानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होताच.

"अहो, इथून गंज गळतोय."

"रंगाचा ओघळ आहे तो."

"रंग लाल आहे. हे तपकिरी आहे."

"काही होत नाही गं. माझ्या हातचं काम आहे."

"गावातल्या वेल्डरला नुसतं दाखवू तरी."

"त्याला? उस्ताद मला म्हणतात की त्याला?"

"बस गं बाई," सासू वरून म्हणाली, "तो म्हणतोय ना, काही होत नाही." आणि दोघी बसल्या. गंजाची, ग्रीसची, थुंकीचीसुद्धा मला एवढी किळस आली नाही, जेवढी त्या तीन शब्दांची आली. काही होत नाही! आणि होईल तेव्हा कुणाला होईल?

मग एका सकाळी ट्रॉली काठोकाठ भरली होती. वहिनीनं पिन घातली, ओघळावरून बोट फिरवलं, ते बघितलं. सरळ पुढं जाऊन ट्रॅक्टरवर चढली. नांगरट तीच करते, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

"आज मी चालवते. तुम्ही मागं बसा, आईंच्या शेजारी."

"मी? ते का?"

"काही होत नाही ना? मग बसा की."

तो हसला. ऐटीत चढून क्रेटवर बसला. म्हातारी खूश. "ये रे बाळा, सरकून बस."

तिथून त्याला पहिल्यांदाच सगळं दिसलं. पुढं दांडीच्या टोकाला मी, ओघळासकट. मागं उतार, आणि उताराच्या पायथ्याशी तळं. वहिनीनं गिअर टाकला. चढाला लागताच माझ्या अंगावर ओढ आली आणि पुट्टीचा एक कपचा उडून पडला.

"थांब! अगं थांब!"

ट्रॅक्टर थांबायच्या आत त्यानं उडी मारली होती. आईला हात द्यायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. चाकामागं दगड मात्र लावला वहिनीनं, आणि सासूला उतरवलंही तिनंच.

"काय झालं रे?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही. जरा बघतो."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर टोचला. पुट्टी जखमेवरच्या खपलीसारखी निघून आली. आत भेग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गंजानं भरलेली. त्यानं नख घातलं, ते आत गेलं. म्हातारी वाकून बघत होती. तिनं भेग बघितली, मग मुलाकडे बघितलं.

"आणि मला रोज यावर बसवत होतास?"

वहिनी म्हणाली, "क्रेट उतरवा आधी."

गावातल्या वेल्डरनं मला कापून काढलं आणि नवी कडी बसवली. अर्धा दिवस लावला. पाणी त्यानंही मागितलं, पण प्यायला.

आता मी वर्कशॉपात मशीनच्या वरच्या खिळ्याला लटकतोय. वहिनीनंच तारेनं बांधलं. काल उस्ताद आला, मला खाली काढलं, पाट्याचा तुकडा उलटसुलट करून बघितला. दुसऱ्या हातात म्हातारीच्या खुर्चीचा मोडका पाय होता. "पाटा अजून चांगला आहे की," असं तो पुटपुटला, तेव्हा माझ्या भेगेवर काटा आला.

दारातून म्हातारीचा आवाज आला. "जोड खुशाल. पण पहिल्यांदा त्या खुर्चीवर तू बसायचं."

मग त्यानं मला पुन्हा खिळ्याला अडकवलं.

माझं काय, गंजून जाईन इथंच, कोंबडीच्या शेजारी. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी 'काही होत नाही' म्हणालं, तर तो स्वतः कुठं बसतो तेवढं बघा. आणि ती बादली कुणीतरी बाहेर नेऊन ओता हो. अजून तशीच भरलेली आहे.