खडकवस्तीची चढण

टांग्यात बसायची वेळ आली की पुंजाराम टांगेवाला हटकून म्हणायचा, “बाई, तुमी पुढं बसा. मागं बसलात तर घोडं अधांतरी लटकंल!”

दीनाबाई हसून पुढे बसत. भिंगारच्या या ख्रिस्ती सुईणबाई मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या होत्या. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी मुलं त्यांच्या हातांवर जन्मली होती.

सुईण उपाशीपोटी बाळंतिणीच्या खोलीत गेली तर बाळ जन्मभर भुकेलं राहतं, असं तिकडच्या बायका मानत. म्हणून दारात पाय ठेवला की आधी ताट. सुटकेनंतर शिरा, पाचवीला पुरणपोळी. लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर होती. लोक स्वतःच्या तोंडचा गूळ काढून बाईंच्या ताटात वाढत. नको म्हणायची बाईंना लाज वाटे. शमुवेल, त्यांचे यजमान, वारल्यापासून घरी एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळाही होता. अंग सुटत गेलं, गुडघे कुरकुरू लागले. पण टांगा होता, काम अडत नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी ते अडलं. खडकवस्तीचा मच्छिंद्र धावत आला. त्याची बायको चांगुणा पहिलटकरीण होती. टांगा ओढ्यापर्यंतच जाई, पुढे डोंगराची चढण. मच्छिंद्र बाईंची पिशवी घेऊन पुढे झाला. बाई थोडं चढल्या आणि बाभळीखाली बसल्या. उठल्या, पुन्हा एका दगडावर बसल्या. छातीत श्वास मावेना.

“बाई, चला की वो,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती.

त्या पोचल्या तेव्हा बाळ येऊन गेलं होतं. मुलगा. नाळेचा वेढा गळ्याला आवळलेला, आणि तो सोडवायचं तिथल्या कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी त्याला मांडीवर घेतलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. काही उपयोग झाला नाही.

चांगुणाची सासू आक्काबाई पदराने डोळे पुसत आत गेली आणि भाकरी, दूध, गूळ घेऊन आली. “दमून आलायसा. खा दोन घास.”

ताट सोडावं तर म्हातारीचा अपमान. दीनाबाईंनी मान खाली घालून सगळं खाल्लं. तसं जेवण त्या आयुष्यात जेवल्या नव्हत्या.

घरी आल्यावर त्यांनी खाणंच टाकलं. चार दिवस नुसत्या चहावर काढले, आणि आडावर घेरी येऊन पडल्या. पुढच्याच घरी पुरणपोळ्या समोर आल्या तेव्हा हात आवरला नाही. घरी येऊन स्वतःला दोष देत बसल्या. असं पावसाळाभर चाललं. मनाला खात होतं, पण अंग काही हलत नव्हतं.

आश्विनात भिंगारच्या बाजारात चांगुणा भेटली. डोक्यावर भाजीची पाटी. हळूच म्हणाली, “बाई, मला परत दिवस गेल्यात.”

“मग नगरच्या दवाखान्यात नाव घाल. तिथं डॉक्टरीण असते.”

“सासू न्हाई धाडायची. आन मला तुमीच पायजेल.” तिने पाटी सावरली. “याल ना?”

लवकर याल ना, असं ती म्हणाली नाही. पण बाईंना तेवढंच ऐकू आलं.

“दर गुरुवारी तुला तपासायला येते,” त्या म्हणाल्या. “चालत येते.”

पहिल्या गुरुवारी ओढ्यापर्यंतच मजल गेली. चांगुणाच खाली उतरून आली. पुढच्या वेळी बाभूळ गाठली. दर गुरुवारी कुणीतरी आपली वाट बघतं आहे, हे ठाऊक असल्यावर घरी बसवेना. लोकांकडे रीत राखायला त्या एक घास घेत आणि ताट बाळंतिणीकडे सरकवत. “दूध तिला उतरायचंय, मला नाही.”

“आमच्या घरचं ग्वाड लागंना व्हय?” कडूबाई नावाच्या एका म्हातारीने टोचलं.

“लागतं म्हणून तर थांबते, आजी.”

नाताळात करंज्यांवर ताव मारला आणि पुढच्या गुरुवारी गुडघ्यांनी त्याचा जाब विचारला. तरी त्या गेल्याच. बाई सडपातळ झाल्या नाहीत. चोळ्या मात्र सैल झाल्या.

वैशाखात मच्छिंद्र आला तो सकाळीच. ओढ्यापाशी टांगा थांबला. ऊन चढलं होतं. दीनाबाई एका लयीत चढत राहिल्या. घाम डोळ्यांत उतरत होता, पोटऱ्या भरून आल्या होत्या. बाभळीपाशी मच्छिंद्रच म्हणाला, “बाई, टेका घटकाभर.”

“बसले तर उठायला वेळ जाईल. चल.”

चांगुणा कण्हत होती. बाळ यायला अजून अवकाश होता. बाईंनी पाणी उकळायला सांगितलं, हात धुतले आणि तिच्या कंबरेवर हात फिरवत बसून राहिल्या. चांगुणाने त्यांचं मनगट जे धरलं ते सोडलं नाही.

तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. मोठ्याने रडली. आक्काबाई हात जोडून भिंतीला टेकली.

बाईंनी पोर पुसून चांगुणाच्या कुशीत दिली. चांगुणा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग हमसून हमसून रडू लागली. गेल्या वर्षी चैत्रात ती रडली नव्हती. आक्काबाई तिला गप्प करायला पुढे झाली.

“राहू द्या,” दीनाबाई म्हणाल्या. “त्याच्यासाठी रडतेय ती. रडू द्या.”