बिनमंत्राची साखर

“गेली! साखर गेली!” स्टोअरकीपर बाकावर चढून ओरडला आणि कॅन्टीनमधली शे-दीडशे माणसं उघडे डबे तसेच टाकून पुढे सरकली.

बॉयलर दुरुस्तीच्या त्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीला एवढी झुंबड एरवी फक्त बदल्यांची यादी लागली की उडायची. आज मात्र सगळ्यांचे डोळे मधुरबाबांच्या चिमटीतल्या बोटभर कागदी पट्टीवर खिळले होते. बाबा म्हणजे दाढीजटा वगैरे काही नाही. गुळगुळीत चेहरा, पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. हल्ली चमत्कारही इस्त्री करून येतो.

“पुन्हा नीट पाहा,” बाबा म्हणाले, “ही जगाची साखर.” त्यांनी आपल्या बरणीतली चमचाभर पांढरी पूड पाण्यात विरघळवली आणि पट्टी बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता हिरवी झाली, मग काळपट तपकिरी. “हे विष तुम्ही रोज ढोसता. आता द्या मला तुमच्या घरची साखर. माझी नको, तुमची! उद्या कुणी म्हणायला नको, बाबाने हातचलाखी केली.”

आदल्या दिवशीच तशी सूचना लागली होती, त्यामुळे पाच-सहा पुड्या लगेच पुढे आल्या. बाबांनी साखरपाण्याच्या प्रत्येक ग्लासवर तळहात फिरवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, काचेला तीन टिचक्या मारल्या आणि नवी पट्टी बुडवली. पट्टी पिवळी ती पिवळीच.

“गोडी राहिली, दोष गेला! आता प्या पोटभर. पथ्य एकच. लिंबू पिळायचं नाही आणि शिळं ठेवायचं नाही. आंबटाने लहरी फाटतात.”

“आणि पट्ट्या कुणाच्या?” बाकावरून स्टोअरकीपरने विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं. “आपल्या दवाखान्याच्या! सिस्टरनी स्वतःच्या हाताने दिलेल्या!”

शेवटच्या बाकामागे उभ्या असलेल्या सिस्टरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारखान्याचा दोन खोल्यांचा दवाखाना ती अकरा वर्षं सांभाळत होती. लघवीतली साखर तपासायच्या या पट्ट्या तिनेच सगळ्यांना वापरायला शिकवल्या होत्या. कुणी लपवाछपवी केली की ती म्हणायची, “माणूस खोटं बोलतो, पट्टी बोलत नाही.” बाबांनी पट्ट्या मागितल्या तेव्हा तिने मुद्दाम नवी डबी दिली, आता याचं पितळ उघडं पडेल म्हणून. झालं ते उलटंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या रांगेत तिचा दादा बसला होता. त्याने बाबांच्या घागरीतल्या मंतरलेल्या सरबताचा ग्लास एका दमात रिकामा केला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

दादा कारखान्यातला एक नंबरचा वेल्डर. त्याने मारलेला जोड तपासायला साहेबसुद्धा चष्मा लावत नसत. पण आगीसमोर उभं राहायचं आणि तहान लागली की थंडगार गोड बाटली तोंडाला लावायची, हे वीस वर्षं चाललेलं. पाळीला चार बाटल्या, वर साखर घातलेला चहा. पन्नाशीच्या आतच मधुमेह झाला. गेल्या वर्षी सिस्टरने त्याच्या मागे हात धुऊन लागून बाटल्या बंद करवल्या, चहा बिनसाखरेचा केला, बरोबर पाण्याची मोठी बाटली दिली. पहिला महिनाभर तो तिच्याशी धड बोललाही नाही. पण रक्तातला आकडा उतरला, आणि बुटात घासून अंगठ्याशेजारच्या बोटाला झालेली जखम भरत आली. तेवढ्यात हे मधुरबाबा उपटले. त्या दिवसापासून दादा दिवसाला आठ ग्लास पिऊ लागला आणि चार दिवसांत जखम पुन्हा ओली झाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सिस्टर तडक त्याच्या घरी गेली. वहिनीने तिला दारातच गाठलं. “तुम्हीच सांगा हो काहीतरी. मी बोलले की म्हणतात, तुला काय कळतंय.”

दादा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. सिस्टरने त्याचा मोजा काढला. बोटाचं टोक काळपट पडलं होतं. तिने त्याच्या हाताचं बोट टोचून रक्ताचा थेंब मीटरवर घेतला. आकडा चारशेच्या घरात.

“दादा, हे बघ.”

“बघितलं. बाबा म्हणालेत, जुनी साखर बाहेर पडतेय. आधी वाढणार, मग एकदम उतरणार.”

“आणि पायाचं काय? तोही आधी सडणार, मग एकदम बरा होणार?”

“छोटे, डोकं फिरवू नकोस!” चाळिशी उलटलेल्या बहिणीला तो अजून छोटीच म्हणायचा. “ग्लासात पट्टी कोरी राहते की नाही? तुझीच पट्टी! मग त्यात साखर नाही. आता पट्टी खोटी म्हणणार का?”

हीच खरी पंचाईत होती. तिने स्वतः गुपचूप त्याच्या ग्लासात पट्टी बुडवून पाहिली होती, आणि ती कोरी निघाली होती.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा पाय पाहिला आणि सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, “साखर आजपासून उतरायला लागली तर एका बोटावर भागेल. नाहीतर पावलाचं मी सांगू शकत नाही.”

दवाखान्यात परतल्यावर तिला एका जागी बसवेना. तिने नोंदवही उघडली, मिटली. बँडेजचे रोल एका कप्प्यातून दुसऱ्यात लावले आणि परत पहिल्यात. खिडकी उघडली तर घणाचे आवाज आत आले, बंद केली तर जीव गुदमरला. शेवटी तिने चहाला आधण ठेवलं आणि साखरेचा डबा काढला. चमचा डब्यात, आणि हात तिथेच थांबला.

ही साखर कुणी मंतरलेली नव्हती.

बाबांनी जी जी घरची साखर तपासली ती मंत्रानंतर. मंत्राआधी ती कुणीच तपासली नव्हती. आधी तपासली ती त्यांच्या बरणीतली पूड! दीडशे माणसं डोळे फाडून बघत होती आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. स्वतः तिच्याही नाही. याचा तिला इतका राग आला की तिने चमचाभर साखर सांडलीच.

तिने ग्लासात साखर ढवळली, पट्टी बुडवली. कोरी. आणखी दोन चमचे घातले, दुसरी पट्टी. कोरी! मंत्र नाही, टिचकी नाही, बाबा नाही, तरी कोरी. मग तिने कपाटातून ग्लुकोज पावडरचा पुडा काढला. उन्हाने चक्कर आलेल्यांसाठी तो ठेवलेलाच असायचा. चिमूटभर पाण्यात टाकली आणि पट्टी तपकिरी झाली. बाबांच्या बरणीत काय होतं ते कळलं. तिने पट्ट्यांच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाचला. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

दुपारी कॅन्टीन पुन्हा भरलं. बाबा टिचक्या मारायच्या तयारीत होते. सिस्टर थेट टेबलापाशी गेली.

“बाबा, जरा थांबा. ही दवाखान्यातली साखर. हिला अजून तुमचा हात लागलेला नाही.” तिने पट्टी बुडवून उंच धरली. “कोरी आहे. आता मला सांगा, मंत्राशिवाय साखर कशी गेली?”

कुजबुज सुरू झाली. बाबा पळभर गडबडले, पण पट्टीचा बोलणारा माणूस. “भक्तांनो, बघा! सहा दिवसांत माझी शक्ती या छपराखाली इतकी पसरली की न मंतरलेली साखरसुद्धा शुद्ध व्हायला लागली!”

आणि काय आश्चर्य, टाळ्या पडल्या. स्टोअरकीपर तर गहिवरला.

“छोटे, पुरे झालं!” दादा लंगडत पुढे आला. रागाने त्याचा चेहरा लाल झाला होता. “सगळ्यांसमोर माझी शोभा करतेस?”

“तुझी नाही रे. तुझा पाय जाईल, दादा!” ती गर्दीकडे वळली. “पट्टी सोडा. तुम्ही सगळे बॉयलरवाले आहात. पाण्यात काय विरघळलंय ते तुम्हाला कशाने कळतं?”

कोपऱ्यातला म्हातारा फिटर म्हणाला, “आटवून. पाणी जातं, क्षार बुडाला बसतो. जन्मभर तोच खरवडत आलोय.”

“मग आटवा. एका ताटलीत साधं पाणी, दुसरीत बाबांचं सरबत.”

“अग्नीने लहरी...” बाबा म्हणायला लागले.

“आटवू,” दादा मध्येच म्हणाला. “मीच आटवतो. म्हणजे हिचं तोंड तरी बंद होईल.” त्याने स्टीलच्या दोन ताटल्या शेगड्यांवर ठेवल्या. सरबत बाबांच्या घागरीतून स्वतः ओतलं आणि जोडावर रोखावी तशी नजर रोखून तो उभा राहिला.

पहिली ताटली कोरडी झाली. बुडाला नाव घ्यावं असं काही नव्हतं. दुसरीतलं पाणी अर्ध्यावर आलं, मग बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. दादाने चमचा फिरवला, तर चमच्यामागून तार आली. पाक पिवळा झाला, लाल झाला, आणि जळक्या साखरेचा वास शेवटच्या बाकापर्यंत गेला. तो वास ओळखायला कुणाला पट्टी लागली नाही.

दादाने आच बंद केली. काळा, चिकट थर त्याने चमच्याने उचकटला. “सगळी इथेच आहे,” तो हळूच म्हणाला. “तसूभरही कमी झाली नाही. आणि मी दिवसाला आठ ग्लास...” त्याने चमचा ताटलीत टाकला.

सिस्टरने मग सगळं उलगडून सांगितलं. आपली साखर म्हणजे एकमेकांचा हात घट्ट धरलेले दोन भाऊ. त्यातला एक ग्लुकोज. तो एकटा असला तरच पट्टी त्याला ओळखते. पोटात गेल्यावर हात सुटतात, आणि ग्लुकोज थेट रक्तात जातं. आंबटातही ते हळूहळू सुटतात, म्हणून बाबांना लिंबाचं वावडं. ज्याला हे पथ्य ठाऊक, त्याला खरं काय तेही ठाऊक होतं. अजाणता चुकलेला माणूस बरणीत ग्लुकोज भरून आणत नाही.

“चूक माझीही आहे,” ती म्हणाली. “पट्टीवर विश्वास ठेवा म्हणून सांगितलं, पट्टीला प्रश्न विचारा म्हणून कधी सांगितलं नाही.”

“पण सिस्टर, आम्ही सगळेच कसे फसलो?” स्टोअरकीपरने बाकावरून उतरत विचारलं.

“कारण आपल्याला गोड सोडायचं नव्हतं. न सोडता सुटेल असं कुणी म्हणालं की ते ऐकायला बरं वाटतं.”

बाबा कोट सावरत मागच्या दाराकडे निघाले होते. म्हातारा फिटर दारात आडवा झाला. “बसा की. साहेब येतायत. तोवर उरलेली घागर तुम्हीच संपवा, दोष तर गेलेलाच आहे.” बाबांनी घोटभरही घेतलं नाही. पुढे चौकशी झाली आणि आणखी दोन कारखान्यांत त्यांनी हाच खेळ मांडल्याचं कळलं.

दादाचं बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं. महिन्याने तो कामावर आला तो एका पायात बूट आणि दुसऱ्यात उघडी चप्पल घालून. कॅन्टीनमध्ये सगळे भोवती जमले, कुणी त्याच्यापुढे थंड बाटली धरली. त्याने ती हाताने बाजूला सारली, माठातलं पाणी ग्लासभर घेऊन प्यायला आणि चप्पल काढून पाय बाकावर ठेवला.

“नीट बघून घ्या,” तो म्हणाला. “चार आहेत. पाचवं कुठल्या मंत्राने यायचं नाही. माझ्या बहिणीने वर्षभर सांगितलं ते मला कडू लागलं, आणि परक्याने सहा दिवसांत सांगितलेलं गोड लागलं. तहान लागली तर पाणी प्या. आणि चमत्कार दाखवायला कुणी आला तर त्याला म्हणा, बाबा रे, तू जरा बाजूला हो, आधी मला माझ्या हाताने करून बघू दे.”