भोवऱ्याच्या कडेवरून

मित्रांनो, समुद्रावर तरंगत लाटा मोजणारा मी एक जुना बोया आहे. पोटात बॅटरी, डोक्यावर अँटेना आणि रंग उडालेलं पिवळं अंग. मला कुठेही बांधलेलं नसे. पाणी नेईल तिकडे जायचं आणि मी कुठे आहे आणि लाट किती उंच आहे ते तासातासाला किनाऱ्यावरच्या कचेरीत कळवायचं, हे माझं काम. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग मी जुना झालो आणि माझ्या शब्दाला किंमत उरली नाही.

कचेरीचा एक नियम होता. वारा मंद असताना मी मोठी लाट कळवली, की तो आकडा लाल पेन्सिलीने खोडायचा. वाराच नाही, तर लाट कुठून येणार? नोंदी ठेवणाऱ्या ताई हा नियम डोळे मिटून पाळत.

एकदा मी मैलोगणती रुंद भोवऱ्यात सापडलो. दोन दिवसांत एक फेरा. दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा तिथे येत होत्या. एका कडेला पाणी त्यांच्या सोबतीने वाहायचं, तिथे त्या मवाळ. समोरच्या कडेला ते त्यांच्या अंगावर जायचं, तिथे त्याच लाटा चवताळून उभ्या राहायच्या. मी दोन्हीकडचं खरं तेच कळवलं.

"म्हाताऱ्याला चक्कर आली वाटतं," कचेरीतले साहेब हसले.

तिसऱ्या फेऱ्यालाही तसेच आकडे आले, तेव्हा ताईंनी माझा मार्ग नकाशावर काढला. मोठे आकडे दर वेळी एकाच कडेचे होते. त्यांच्या धाकट्या भावाची मासेमारीची बोट चार माणसं घेऊन त्याच कडेकडे निघाली होती. त्यांनी वायरलेस उचलला.

"अरे, बोट वळव!"

"ताई, इथे झुळूकसुद्धा नाही. उगाच घाबरवू नकोस."

"वाऱ्याचं राहू दे. पुढे पाणी लाटांच्या उलटं चाललंय. माझी शपथ आहे तुला, वळव!"

तेवढ्यात वायरलेसचा संपर्क तुटला. त्याच वेळी त्या कडेला एका लाटेने मला उलटं केलं, अँटेना मोडली. ताईंना आता कुणाचंच काही कळेना.

दोन तासांनी भाऊ बोलला. "वळलो गं. मागे लाटा फुटताना पाहिल्या. आता बंदराकडे येतोय."

पुढे त्याच बोटीने मला शोधून आणलं. हे सगळं मला इथे, दुरुस्तीच्या खोलीत कळलं. ताई माझ्याशेजारी बसून खोडलेले जुने आकडे पुन्हा लिहितात. काल एका आकड्यापाशी त्यांचा हात थांबला. तो गेल्या वर्षीचा होता. त्या दिवशी समुद्रावर गेलेली सहा माणसं परत आली नव्हती.

मित्रांनो, जुनं यंत्र काही वेगळंच सांगू लागलं, तर ते बिघडलं म्हणण्याआधी ते कुठून बोलतंय एवढं तरी बघा.