काचेवरचा ओडेल

व्हर्डी टिलिसच्या अंगणात त्या सकाळी एवढी गर्दी झाली होती की कोंबड्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. बिचाऱ्या ओकच्या झाडावर चढून बसल्या. दक्षिण जॉर्जियातलं दलदलीच्या काठचं गाव, आणि उन्हाळा असा दमट, की वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढावेत तर सकाळपेक्षा ओले. म्हणणारे म्हणत, मासे नदी सोडून रस्त्यावर फिरायला येतात. येतही असतील.

रांग होती मागच्या शेडपुढे. आत टेबलावर एक लाकडी पेटी, आत पिवळा बल्ब, वर काचेचं झाकण. आणि काचेवर साचलेल्या पांढऱ्या वाफेत एक माणूस. डोक्यावर हॅट, दोन डोळे, जाड मिशा.

"ओडेलच गं बाई!" पुलाजवळची हेट्टी किंचाळली. "मेला तरी हॅट नाही काढली!"

व्हर्डी दाराशी खांबाला धरून उभी होती. ओडेल तिचा नवरा. उन्हाळा लागता लागता, हातात कॉफीचा कप असताना गेला. पोरबाळ नाही. मागे राहिली ही अंडी उबवायची पेटी. ओडेलला नाद कॉर्न स्नेकचा. मक्याच्या कोठारात उंदरांमागे फिरणारे ते केशरी नक्षीचे साप, विष ना बिष. त्याच्या लाडक्या मादीनं तो गेल्यावर आठवड्याच्या आत अंडी घातली. लांबट, पांढरी, चामड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटलेली. व्हर्डीनं ती ओडेलच्या पद्धतीनं ओल्या शेवाळात ठेवली. त्याच्या हातचं शेवटचं काम ते. ते तरी जगावं, एवढंच तिला हवं होतं.

तिकडे माणूस गेलं की घरातले आरसे काळ्या कापडानं झाकतात. नाहीतर गेलेला काचेत अडकतो म्हणे. व्हर्डीनं सगळे झाकले, पावडरच्या डबीतला इवलासासुद्धा. ही पेटीची काच तेवढी विसरली. आणि नेमकं हेच ब्रदर लव्हॉननं हेरलं.

ब्रदर लव्हॉन म्हणजे पांढरा सूट, चकचकीत बूट. गावोगाव प्रवचन करायचा आणि लॅव्हेंडरचा 'आशीर्वादाचा साबण' विकायचा. सांत्वनाला म्हणून आला, पेटी पाहिली, झाकण उचलून आतून रुमाल फिरवला, डोळे मिटून पुटपुटला. दुसऱ्या दिवशी काचेवर ओडेल हजर! तेव्हापासून दर दोन दिवसांनी रुमाल घेऊन यायचा आणि काचेला आशीर्वाद देऊन जायचा.

"सिस्टर व्हर्डी!" तो आता गर्दीसमोर गरजला. "सगळे दरवाजे लावलेस, पण ही खिडकी उघडी राहिली! वाफ म्हणजे काय? आत्म्याचा श्वास! वाफ जितकी दाट, तितका ओडेल जवळ! हवेची भोकं मेणानं बुजव. रोज पेलाभर पाणी ओत. आणि येत्या रविवारी, मंडळी, सिस्टर व्हर्डी ही शेड आपल्या प्रार्थनामंदिराला देतेय!"

"आमेन!" गर्दी म्हणाली. साबण हातोहात खपला.

व्हर्डी रोज उजाडायच्या आत शेडमध्ये यायची. पेलाभर पाणी ओतायची. काच पांढरी व्हायची, आधी हॅट उमटायची, मग डोळे.

"कॉफी ठेवलीय रे," ती म्हणायची.

काचेवरच्या डोळ्यांतून पाणी ओघळायचं आणि खाली पडायचं. टप. टप. बरोबर अंड्यांवर. कडेचं एक अंडं पिवळं पडलं होतं, त्याला निळसर बुरशीची दाढी फुटली होती. आणि व्हर्डीच्या कानात ओडेलचा जुना आवाज घुमायचा, 'शेवाळ मुठीत दाबून बघ, व्हर्डे. ओल लागली पाहिजे, थेंब गळता कामा नये. अंडी तहानली तर खड्डा पडतो, बुडाली तर कुजतात.' कानातला ओडेल एक सांगत होता, काचेवरचा ओडेल दुसरंच मागत होता. नवरा रडत होता आणि त्याच्याच रडण्यात त्याची अंडी बुडत होती. ती मात्र पाणी ओतत राहिली. नाही ओतलं तर वाफ विरली असती. तो गेला असता ना.

शनिवारी मोझेल आली. ओडेलची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. जीभ अजून निवृत्त झाली नव्हती.

"वहिनी, हे काय? अंडी उकडायला ठेवलीस?"

"हळू बोल. तो ऐकतोय."

"ऐकू दे की. जिवंतपणी कधी ऐकलं माझं?"

मोझेलनं झाकण काढलं, टॉर्च मधल्या एका अंड्याला टेकवला. आत लालभडक शिरांचं जाळं पेटलं आणि त्यात काहीतरी हललं.

"जिवंत आहेत. पण असंच चाललं तर आठवडा काढायची नाहीत."

"झाकण ठेव! तो जाईल!" व्हर्डीनं झाकण हिसकावलं आणि कसंबसं पेटीवर बसवलं.

रविवारी अख्खा गाव लोटला. अंगणात उकडत्या शेंगांचं पातेलं वाफाळत होतं. ब्रदर लव्हॉननं हात वर केले, व्हर्डीनं पाणी ओतलं. काच पांढरी झाली. आधी मिशा आल्या. मग डोळे. मग सगळ्यात खाली हॅट.

ओडेल डोक्यावर उभा होता.

सगळ्यांनी माना तिरक्या केल्या. मग हेट्टी म्हणाली, "अगं बाई, तिकडे कसरती शिकवतात वाटतं."

"तो... तो स्वर्गातून डोकावतोय!" ब्रदर लव्हॉननं घाम पुसला. "वरून खाली!"

"मग हॅट पडत कशी नाही?" हेट्टीनं विचारलं.

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. व्हर्डी नाही हसली. तिला कालची हिसकाहिसकी आठवली. घाईत झाकणाची पुढची कड मागे बसली होती. झाकण फिरलं आणि नवराही फिरला.

मोझेलनं झाकण उचलून हुंगलं. "माझ्या भावाला आयुष्यभर सापांचा आणि तंबाखूचा वास यायचा. लॅव्हेंडरचा? जन्मात नाही."

तिनं ब्रदरच्या खोक्यातला साबण उचलला, खिडकीच्या सुट्या काचेवर बोटानं काहीतरी रेखाटलं, वरून हलकेच पुसलं. काच कोरी दिसत होती. मग ती शेंगांच्या पातेल्यावर धरली. वाफ बसली, काच पांढरी झाली, आणि मधोमध उमटलं टाय घातलेलं डुक्कर.

"साबण लागलेल्या जागी वाफेचे बारीक थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पसरतं. तेवढी रेघ स्वच्छ राहते, बाकी काच धूसर. न्हाणीघरातल्या आरशावर पोरंसुद्धा करतात हे, याच्या रुमालाआड साबण होता एवढंच. आणि हॅट, डोळे, मिशा? अर्ध्या गावाला आहेत, काही बायकांनासुद्धा!"

हसण्याचा गलका झाला. तेवढ्यात ब्रदर लव्हॉन व्हर्डीकडे वळला. आवाज एकदम मऊ. "सिस्टर, हसू दे त्यांना. पण तू पुसशील? स्वतःच्या नवऱ्याला?"

उलट्या चेहऱ्यावरून एक थेंब सरकत हॅटपर्यंत आला. व्हर्डी बघत राहिली. साबण आहे हे कळलं होतं, तरी हात उठेना. एकदा पुसलं की तो खरंच गेला.

टप. थेंब अंड्यांवर पडला.

ती घरात गेली, दिवाणखान्यातल्या आरशावरचं काळं कापड ओढलं, परत आली आणि त्यानंच काच खसाखसा पुसली. "ओडेल असता ना, तर माझ्या आधी त्यानंच पुसलं असतं," ती म्हणाली. मग तिनं भोकांतलं मेण टोकरलं, शेवाळ घट्ट पिळून परत घातलं, झाकणाखाली एका बाजूनं काडी सरकवली. काच तिरकी झाली, थेंब अंड्यांवर न पडता कडेनं ओघळायला लागले.

ब्रदर लव्हॉन कधी सटकला, कुणालाच कळलं नाही. साबण मात्र बरा निघाला. हेट्टी अजून त्यानं कुत्रा धुते.

पुसताना साबण काचभर पसरला होता, त्यामुळे काच आता धूसरच होईना. पहाटे व्हर्डी कॉफी घेऊन आली की चेहऱ्याच्या जागी अंडी लख्ख दिसायची. पहिले काही दिवस तिला ते सोसेना. शेड फार रिकामी वाटायची. मग एका पहाटे मधल्या अंड्याला बारीक चीर गेलेली दिसली. चिरेतून केशरी नाक बाहेर आलं, जीभ लवलवली.

"आलास का रे?" ती म्हणाली. हा ओडेल नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलायला काय जातं!

बायांनो, गेलेल्या माणसाशी खुशाल बोला, रडा, त्याच्यासाठी कॉफी ठेवा. पण तो काचेवर दिसला आणि शेजारी कुणी साबण विकत उभा असला, तर आधी काच फिरवून बघा.