सरळ पडलं की तिरपं: एका खिशातल्या घड्याळाची हकीकत

मित्रांनो, मी एक जुनं, काच तडकलेलं, बंद पडलेलं खिशातलं घड्याळ आहे. तुम्हां माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. खिशात घड्याळ आलं की तुम्हांला वाटतं, सूर्यसुद्धा आपल्याला विचारूनच उगवतो.

माझा जन्म स्वित्झर्लंडचा. चाकं झिजू नयेत म्हणून माझ्या पोटात माणकाचे पंधरा खडे बसवले आहेत. ज्या कारागिराने मला जोडलं, त्याने आठ दिवस मला कानाशी धरून ऐकलं आणि मगच पेटीत घातलं. तसा आदर पुन्हा कधी मिळाला नाही. पुण्याच्या एका दुकानात दोन वर्षं पडून राहिल्यावर १९३४ साली सर्जेराव नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि इंदापूर तालुक्यातल्या एका नव्या साखर कारखान्यावर नेलं. शेतातून कारखान्यापर्यंत ऊस आणायला तिथे अरुंद रूळ टाकले होते. एक छोटं वाफेचं इंजिन त्यांवरून उसाचे डबे ओढायचं. सर्जेराव त्या रुळांवरचे मुकादम होते.

कुणी वेळ विचारली तर हा माणूस लगेच सांगत नसे. आधी मला बाहेर काढायचा, डोळे बारीक करून पाहायचा, परत खिशात ठेवायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि मग बोलायचा. माझ्या साखळीची कडी तुटली तेव्हा त्याने तिथे सुतळी बांधली. मला तो मुळीच आवडत नव्हता. एका बाबतीत मात्र आमचं एकमत होतं. खरी वेळ जगात एकच असते आणि ती माझ्या तबकडीवर असते, असं आम्ही दोघेही मानत होतो.

सारजा नावाची बावडा गावची एक बाई त्या गाडीवर कामाला होती. शेवटच्या डब्यावर बसून यायचं आणि डबे जोडायची लोखंडी खीळ काढायची-घालायची, हे तिचं काम. एका सकाळी सर्जेरावांनी मला पाहून तिला उशीर झाल्याचं सुनावलं. तिने खांबाच्या सावलीकडे एकदा नजर टाकली आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "मुकादम, तुमचं घड्याळ पुढं पळतंय."

तिचं खरं होतं. मी सात मिनिटं पुढे होतो. पण अक्षरओळख नसलेल्या बाईने खांबाच्या सावलीवरून मला खोटं ठरवावं, हे मी विसरलो नाही. सर्जेरावही विसरले नाहीत.

नाताळच्या सुट्टीत सर्जेरावांचे मेहुणे महिपती मास्तर बारामतीहून बहिणीकडे राहायला आले. ते इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवायचे. बाह्यांना खडूची भुकटी, कोटाला दोनच बटणं आणि काखेत एक जाडजूड पुस्तक. माणूस पाहताच मला त्याची कीव आली. संध्याकाळी ओसरीवर बसून ते सर्जेरावांना काळाविषयी शिकवू लागले, तेव्हा तर हसूच आलं.

मास्तर म्हणाले, समजा, धावत्या डब्याच्या तळातून उजेडाचा एक ठिपका वर गेला आणि वरच्या आरशावरून परत खाली आला. डब्यात बसलेल्याला तो सरळ वर जाऊन सरळ खाली आलेला दिसेल. पण रुळाकाठी उभा असलेला काय पाहील? तेवढ्यात डबा पुढे सरकला, म्हणून त्याला तो तिरपा चढून तिरपा उतरलेला दिसेल. तिरपी वाट सरळ वाटेपेक्षा लांब. आणि उजेडाची खोड अशी, की तो गाडीचा वेग उसना घेत नाही. डब्यातल्याने मोजा नाहीतर काठावरच्याने, त्याचा वेग तेवढाच भरतो. वाट लांब आणि वेग तोच, म्हणजे काठावरच्याच्या मापाने जास्त वेळ गेला आणि डब्यातल्याच्या मापाने कमी.

"म्हणजे दाजी," मास्तर म्हणाले, "पळत्या गाडीतलं घड्याळ काठावरच्याला हळू चाललेलं आढळतं. ते बिघडलेलं नसतं. तिथं काळच तेवढा गेलेला असतो."

"मग खरी येळ कुणाची?" सर्जेरावांनी विचारलं.

"दोघांची."

"आन् डब्यातल्यानं काठावरचं घड्याळ बघितलं तर?"

"त्याला ते हळू वाटेल. त्याच्या लेखी तो बसल्या जागी आहे आणि काठच मागे पळतोय."

सर्जेरावांना हसता हसता ठसका लागला. बारामतीच्या शाळेत हेच शिकवता का, असं त्यांनी विचारलं. मास्तर शांतपणे म्हणाले की आपली उसाची गाडी फार हळू आहे, तिच्यात हा फरक कुठल्याच घड्याळाला सापडणार नाही. मनात म्हटलं, सापडत नाही तर बोलता कशाला!

तिसऱ्या दिवशी सर्जेराव कालव्याजवळच्या उतारावर रुळाकाठी उभे होते. भरलेली गाडी येत होती. सारजा शेवटच्या डब्याच्या कडेला खीळ हातात घेऊन बसली होती. डबा सर्जेरावांच्या थोडा अलीकडे असताना ती खीळ खाली आली आणि त्यांच्या नडगीवर बसली. धोतर रक्ताने भिजलं.

सर्जेराव म्हणाले, बाईने मला फेकून मारली. सारजा म्हणाली, हातातून सुटली आणि हाताखालीच सरळ पडली. मुकादम म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलं, खीळ तिरपी माझ्या अंगावर आली. रुळाकाठी ऊस लादणाऱ्या चौघांनीही तसंच पाहिलं होतं. डब्यावर तर सारजेशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आदल्या आठवड्यातली घड्याळाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे कारणही शोधावं लागलं नाही.

सर्जेरावांनी तक्रारीचा कागद लिहिला. तो मॅनेजरसाहेबांकडे गेला असता तर बाईचं काम गेलं असतं आणि इंदापूरच्या पोलिसांपुढे तिला उभं राहावं लागलं असतं. त्यांनी तिला निरोप पाठवला की चूक कबूल कर, म्हणजे निदान पोलीस टळतील. तिने खोपटातली भांडी पोत्यात भरली, जायची तयारी केली आणि उलट निरोप धाडला, "मी बघितलं त्येच सांगणार."

मला समाधान वाटलं. खोटं बोलणारीचं असंच व्हायला हवं, असं मी त्या वेळी टिकटिकत होतो.

मास्तर सर्जेरावांच्या नडगीला पट्टी बांधत होते. अर्ध्यातच त्यांचा हात थांबला.

"दाजी, ती म्हणते सरळ पडली, तुम्ही म्हणता तिरपी आली. दोघंही खरं बोलत असाल तर?"

सर्जेराव चिडले. पण कागद धाडण्याआधी एकदा करून पाहायला काय हरकत आहे, असं मास्तर म्हणाले, आणि माझ्या मालकाला स्वतःच्या डोळ्यांवर इतका भरवसा होता की तो तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उतारावर रिकामा डबा आणला. मास्तरांनी सारजेला बोलावून मुकादम जिथे उभे होते तिथे उभं केलं. सर्जेरावांना तिच्या जागी बसवलं आणि हातात खिळीच्या वजनाचा दगड दिला. तो नुसता सोडायचा, फेकायचा नाही, असं दोनदा बजावलं. त्याच चौघांनी डबा ढकलला आणि ते काठाला उभे राहिले. उतार लागताच त्याने वेग घेतला.

सर्जेराव कुणावर विश्वास ठेवणारे नव्हते. दगड कसा पडतो ते आपणच नीट पाहावं म्हणून दगड सोडताना ते कडेवरून खूप वाकले, आणि सुतळी तुटली. दगडाबरोबर मीही पडलो.

ते पडणं मला अजून आठवतं. डब्याचं चाक माझ्या शेजारीच होतं. सर्जेरावांचा खिसा शेवटपर्यंत बरोबर माझ्या डोक्यावर होता. मी सरळ खाली गेलो, तसूभरही इकडेतिकडे नाही. मग खडीवर आपटलो, काच तडकली आणि घरंगळत एका बाईच्या पायापाशी थांबलो.

वरून सर्जेरावांचा आवाज आला, "सरळ पडला." काठावरचे चौघे मात्र एकमेकांकडे पाहत राहिले. त्यांनी दगड तिरपा पुढे आलेला पाहिला होता आणि मलाही.

डबा थांबला. सर्जेरावांनी खिसा चाचपला. सारजेने मला उचललं, पदराने पुसलं आणि त्यांच्यापाशी येऊन विचारलं, "मुकादम, ह्ये तुमी मला फेकून मारलंत, का सुटलं?"

सर्जेरावांनी खिशातून लोंबणारं सुतळीचं टोक पाहिलं. मग म्हणाले, "सुटलं."

"मग माझी खीळ?"

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, चौघांकडे पाहिलं. खिशातून तक्रारीचा कागद काढून तो चार तुकडे होईपर्यंत फाडला. "ती बी सुटली आसंल," ते खाली पाहून म्हणाले. माफी मागितली नाही. तेवढं मोठं मन त्यांच्याकडे कुठलं? पण सारजेने पोत्यातली भांडी परत चुलीपाशी लावली आणि दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या डब्यावर होती.

मला पाहिलं की सर्जेरावांना तो उतार आठवायचा, म्हणून त्यांनी मला मास्तरांच्या हवाली केलं. बारामतीच्या घड्याळजीने मला उघडून नकारार्थी मान हलवली. तेव्हापासून मी शाळेच्या कपाटात असतो. दरवर्षी मास्तर मला टेबलावर ठेवून मुलांना सांगत की दगड गाडीचा वेग बरोबर घेऊन पडतो, म्हणून तिरपी वाट तो काठावरच्याच्या मापाने जास्त वेगाने उतरतो आणि वेळ दोघांच्या मापाने जवळजवळ सारखीच भरते. उजेडाला तसं करता येत नाही, म्हणून तिथे काळालाच सरकावं लागतं. मुलं जांभया देत आणि मला बोटांनी टोचत.

तेव्हा मित्रांनो, घड्याळाला धूळ लागू देऊ नका, तेल वेळेवर घाला. आणि कुणाला खोटं म्हणण्याआधी तो उभा होता तिथे एकदा जाऊन उभे राहा. मी सरळ पडलो, हे मी आजही शपथेवर सांगेन. सारजेने मला तिरपं येताना पाहिलं, तेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी मान्य करायला मला कपाटात अकरा वर्षं काढावी लागली, आणि माझ्या पोटात तर माणकाचे पंधरा खडे आहेत. तुमचं कसं होणार, देव जाणे.